अपवाद

आदेश मी टाइप करायची.
मजकूर साहेबांचा, बोटं माझी.
‘पाच किंवा पाचांहून अधिक व्यक्तींनी
एकत्र जमण्यास, मिरवणूक काढण्यास,
घोषणा देण्यास मनाई आहे.’
एक मूळ प्रत, खाली सहा कार्बन.
सहाव्या कार्बनची प्रत कुणाला वाचता यायची नाही.
ती नागरिकांच्या माहितीसाठी.

आणीबाणीचं पहिलं वर्ष.
दर पंधरा दिवसांनी मुदत संपे
आणि तोच आदेश पुन्हा निघे,
तारीख तेवढी ताजी.

खोटं कशाला सांगू, मला तो पटायचा.
बाबांचा डावा डोळा एका मोर्च्यातल्या दगडानं गेला.
मोर्चा कुणाचा, कशासाठी,
त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.
ते दूधकेंद्राच्या रांगेत उभे होते,
हातात कार्ड आणि दोन रिकाम्या बाटल्या.
बाटल्या फुटल्या नाहीत,
हे आई पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली.
म्हणून ‘सार्वजनिक शांतता’ टाइप करताना
माझा हात कधी चुकला नाही.

तळाशी अपवाद असत:
विवाह समारंभ, अंत्ययात्रा,
सहकारी संस्थांच्या सभा, चित्रपटगृहे.

माघातल्या एका सोमवारी
खेतवाडीतून अंत्ययात्रा निघाली.
सदू कोचरेकर, छापखान्यातला जुळारी.
एक पत्रक जुळवलं म्हणून आत गेला,
सात महिन्यांनी बाहेर आला तो चादरीखाली.
चौघं खांद्याला.
मागे दोनशे, तीनशे.
घोषणा नाही, फलक नाही, चपलांचा आवाज फक्त.
माझी सहावी प्रत
कुणीतरी उजेडाशी धरून वाचली होती.

चंदनवाडीचं वळण आलं.
तिरडी वळली नाही.

साहेब मंत्रालयात. फोन मी घेतला.
फौजदार उचगावकर, धोबीतलावाहून,
इराण्याच्या गल्ल्यावरून बोलत होता.
‘बाई, अंत्ययात्रेत माणसं किती, असा आकडा आहे का कुठं?’
नाही.
‘किती लांब चालायचं?’
तेही नाही.
‘साठ पोरं उभी आहेत माझी, लाठ्या घेऊन.
तिरडीवर लाठी कशी चालवू?
नाही चालवली, तर उद्या मी कुठं?’
त्याच्या मागे घंटा वाजत होती, थांबत नव्हती.
‘ती कसली?’
‘रुग्णवाहिका. जी.टी.ला निघालीय. अडकलीय.’

आदेश समोर धरला.
‘अंत्ययात्रा’नंतर स्वल्पविराम होता, माझाच.
त्यात काही सापडेल म्हणून बराच वेळ बघत राहिले.
बाबांचा डोळा आठवला.
आणि मी कधी न पाहिलेली सदूची बोटं.
कार्बन उलटा लागला की
आदेश कागदाच्या पाठीवर उलटा उमटतो;
जुळारी जन्मभर तसंच वाचतो.

‘लिहा,’ मी म्हणाले, ‘वाट चुकली.’

तो गप्प.
मग हसल्यासारखं काहीतरी, किंवा खोकला.
‘कुणाची, बाई?’

पुढचं ऐकीव आहे.
लाठ्या खाली राहिल्या म्हणतात, निदान मेट्रोपर्यंत.
गर्दी आपणहून दुभंगली, रुग्णवाहिका गेली,
असं खेतवाडीतले सांगतात.
आम्ही वाट काढून दिली, असं शिपाई.
आत कोण होतं, वेळेवर पोचलं का,
मी तीन दिवस जी.टी.त विचारत होते.
नोंदवहीत त्या तासाला चार नावं होती.
त्यातलं एक खोडलेलं.

उचगावकरची बदली झाली. कुठं, ते फाइलीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी नवा मजकूर दिला:
‘अंत्ययात्रा, वीस व्यक्तींपर्यंत,
नजीकच्या स्मशानापर्यंत, सरळ मार्गानं.’
‘कर्णिकबाई, आता फट राहिली नाही ना?’
नाही म्हणाले.
टाइप केला. एकही चूक नाही.

फक्त सहावी प्रत त्या दिवशी
कार्बनखाली घातली नाही.
सगळे गेल्यावर वेगळी काढली,
नवी रिबीन लावून,
अक्षर अन् अक्षर ठसठशीत.